दाखल्यावर नसलेले कारण

असेच धुके उद्या लंडनवर उतरले तर सुमारे ३,२०० माणसे अचानक मरतील, असा हिशेब झाँ फिर्के या बेल्जियन वैद्यकतज्ज्ञाने १९३० च्या दशकात मांडला होता. त्याच्यासमोर म्यूज नदीच्या खोऱ्याचे उदाहरण होते. बेल्जियममधल्या या अरुंद खोऱ्यात पोलाद, जस्त, काच आणि कोक तयार करणारे कारखाने दाटीवाटीने उभे होते. डिसेंबर १९३० च्या पहिल्या आठवड्यात तिथे वारा पडला, धुके खाली बसले, धुराड्यांचा धूर त्यातच कोंडून राहिला आणि साठहून अधिक माणसे दगावली. चौकशीत भाग घेतलेल्या फिर्केने खोऱ्यातील लोकसंख्येशी मृत्यूंचे प्रमाण काढले आणि तेच प्रमाण लंडनच्या लोकसंख्येला लावून पाहिले. हवेतील प्रदूषणामुळे एखाद्या शहराला किती धोका आहे, हे आकड्यांत सांगण्याचा हा एक अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील डोनोरा या पोलाद-जस्ताच्या गावात तसेच धुके पडून वीस जण मेले, तेव्हाही ती एका गावाची दुर्घटना ठरली. १९५२ च्या डिसेंबरात मात्र पाळी लंडनची आली, आणि फिर्केचा आकडा कमीच पडला.

पाच दिवस

लंडनला धुक्याचे नवल नव्हते. जॉन एव्हलिनने दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध राजाला उद्देशून पुस्तिका लिहिली ती १६६१ साली. त्यानंतर तीन शतके शहर वाढत गेले आणि चुलाणी वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडाला होता. परकीय चलन मिळावे म्हणून चांगला कोळसा निर्यात होई आणि घरगुती वापराला हलका, गंधकाचे प्रमाण जास्त असलेला, चुऱ्यासारखा कोळसा उरे. हा चुरा तर १ डिसेंबर १९५२ पासून रेशनमुक्तच करण्यात आला. टेम्सच्या काठावरची वीजकेंद्रे शहराच्या मधोमध होती. विजेवर चालणारी शेवटची ट्राम त्याच वर्षी जुलैत बंद होऊन तिच्या जागी डिझेलच्या बस आल्या होत्या.

५ डिसेंबरला, शुक्रवारी, लंडनवर उच्च दाबाचे क्षेत्र स्थिरावले. जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण, अशी स्थिती तयार झाली. एरवी धूर वर चढून पांगतो. इथे तो काही शे फुटांवर अडला. थंडी कडाक्याची असल्यामुळे घरोघरच्या शेगड्यांत आणखी कोळसा पडत होता. त्या काळात शहरात दररोज सुमारे एक हजार टन धुराचे कण हवेत मिसळत होते आणि गंधकाच्या वायूपासून सुमारे आठशे टन गंधकाम्ल तयार होत होते, असा अंदाज नंतर काढण्यात आला. लंडनभरच्या केंद्रांची सरासरी काढली तर धुराचे प्रमाण घनमीटरला १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले होते.

बसचे वाहक हातात पेटता पलिता धरून गाडीपुढे चालू लागले, मग बसही थांबल्या. भुयारी रेल्वे तेवढी चालू राहिली. रुग्णवाहिका मिळेनाशा झाल्या, तशी माणसे धापा टाकत पायीच रुग्णालय गाठू लागली. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ऑपेराचा प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागला, कारण धुके प्रेक्षागृहात शिरले होते. अर्ल्स कोर्टला भरलेल्या गुरांच्या प्रदर्शनातली काही धष्टपुष्ट जनावरे श्वास कोंडून मेली. एवढे होऊनही शहरात घबराट नव्हती. दरवर्षीचेच धुके, यंदा जरा दाट, अशी बहुतेकांची समजूत होती. ९ डिसेंबरला वारा सुटला आणि आकाश मोकळे झाले.

या पाच दिवसांत काय झाले होते ते रस्त्यावरच्या कुणाला कळणे शक्यच नव्हते. मरणारे बहुतेक वृद्ध, तान्ही बाळे आणि आधीपासून छातीचा किंवा हृदयाचा विकार असलेले होते. ते आपापल्या घरात किंवा रुग्णालयाच्या खाटेवर गेले, आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर ब्राँकायटिस, न्यूमोनिया, हृदयविकार अशी नेहमीचीच कारणे लिहिली गेली. शवपेट्या आणि फुले यांचा तुटवडा पडू लागला तेव्हा काही तरी वेगळे घडले आहे याची जाणीव झाली. पुढे नोंदणी कार्यालयाचे आकडे जमा झाले. विल्यम लोगन या वैद्यकीय सांख्यिकीतज्ज्ञाने १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडले. त्या सुमारास एरवी होतात त्यापेक्षा सुमारे ४,००० मृत्यू जास्त झाले होते.

इन्फ्लूएन्झाची सबब

चर्चिल सरकारला हा आकडा अडचणीचा होता. घराघरातली शेगडी हा ब्रिटिश माणसाचा जिव्हाळ्याचा विषय, आणि बिनधुराचे इंधन महाग. संसदेत प्रश्नांचा मारा झाला, तेव्हा सरकारने आधी चालढकल केली. शेवटी जुलै १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर या अभियंता-उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

धुके विरल्यावरही जानेवारी-फेब्रुवारीत मृत्यूंचे प्रमाण चढेच राहिले होते. आरोग्य खात्याने त्याचे खापर इन्फ्लूएन्झाच्या साथीवर फोडले आणि ते हजारो मृत्यू धुक्याच्या हिशेबातून वगळले. सुमारे अर्धशतकाने, २००१ साली, मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस या दोन अमेरिकी संशोधिकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. तेवढ्या मृत्यूंचा उलगडा व्हायचा तर साथ प्रत्यक्षात होती त्याच्या कितीतरी पट मोठी असायला हवी होती, असे त्यांना दिसले. त्यांच्या मते फेब्रुवारी १९५३ पर्यंतचे जादा मृत्यू सुमारे १२,००० होते.

बीव्हर समितीचा अंतिम अहवाल नोव्हेंबर १९५४ मध्ये आला. सरकार तरीही कायदा करायला उत्सुक दिसेना, तेव्हा सत्ताधारी पक्षाचाच खासदार जेराल्ड नाबारो याने खासगी विधेयक मांडले. त्या दबावाखाली सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९५६ चा ‘क्लीन एअर ॲक्ट’ मंजूर झाला. स्थानिक संस्थांना धूरमुक्त क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार मिळाला आणि घरमालकांना शेगड्या बदलण्यासाठी अनुदान. धुराचा कायदा कारखान्याच्या धुराड्यावरून घराच्या चुलीपर्यंत आला, हे या कायद्याचे मोठेपण.

पण लंडनमधून एक चुकीचा धडाही घेतला गेला. हवा डोळ्यांना काळी दिसते तेव्हाच ती मारते, असा तो धडा होता. काजळी गेली, सूर्य दिसू लागला, म्हणजे धोका टळला, असे डॉक्टर आणि अधिकारी दोघेही पुढची वीस वर्षे धरून चालले.

सहा शहरे

या समजुतीला धक्का बसला तो आणखी एका इंधनटंचाईमुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेतली वीजकेंद्रे पुन्हा कोळशाकडे वळतील, गंधक आणि कण वाढतील, अशी चिन्हे दिसू लागली. त्याचा लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल, हे हार्वर्ड विद्यापीठातील बेंजामिन फेरिस आणि फ्रँक स्पायझर यांना शोधायचे होते. १९७४ पासून त्यांच्या चमूने सहा ठिकाणे निवडली. विस्कॉन्सिनमधले पोर्टेज आणि कॅन्ससमधले टोपेका ही स्वच्छ हवेची, वॉटरटाउन आणि टेनेसीतले हॅरिमन मधली, तर सेंट लुइस आणि ओहायोतले स्टूबनव्हिल ही मळकट हवेची. स्टूबनव्हिल हे कोळसा आणि पोलादावर जगणारे गाव होते.

पद्धत साधी, पण चिकाटीची होती. प्रत्येक शहरातील प्रौढांची नावे नोंदवायची, ते सिगारेट किती ओढतात, वजन किती, शिक्षण किती, कामाच्या जागी धूळ-धूर आहे का, हे विचारायचे, नळीत फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजायची आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. दुसरीकडे त्या शहराची हवा मोजायची.

हवा मोजण्याच्या बाबतीत या अभ्यासाने महत्त्वाची गोष्ट केली. अमेरिकेत १९७१ पासून जे मानक होते ते हवेतल्या एकूण धुळीचे होते. त्यात वाऱ्याने उडालेली माती आणि धुराड्यातून निघालेली काजळी एकाच तागडीत पडे. प्रत्यक्षात शरीर त्यांत फरक करते. मोठे कण नाकात, घशात अडकतात आणि शिंकेबरोबर किंवा बेडक्याबरोबर बाहेर पडतात. व्यास दहा मायक्रॉनपेक्षा कमी असेल तर कण श्वासनलिकांत उतरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे आज ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो ते, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हे बारीक कण बहुतेक ज्वलनातून येतात, कित्येक दिवस हवेत तरंगतात आणि खिडक्या लावल्या तरी घरात शिरतात. हार्वर्डच्या चमूने ते वेगळे मोजले.

हे काम चालू असताना युटा राज्यात योगायोगाने एक प्रयोगच घडून आला. प्रोव्हो शहराजवळचा जिनीव्हा पोलाद कारखाना ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ असा तेरा महिने बंद राहिला. कामगार आणि कंपनी यांच्या वादातून तो बंद झाला होता, हवेसाठी नव्हे. आर्डेन पोप हे तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होते. त्यांनी रुग्णालयांच्या नोंदी आणल्या आणि कारखाना चालू असतानाचे हिवाळे बंद असतानाच्या हिवाळ्याशी ताडून पाहिले. कारखाना चालू असताना दमा आणि ब्राँकायटिससाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या दोन ते तीन पट होती. त्या खोऱ्यातील बहुसंख्य लोक मॉर्मन पंथाचे, धूम्रपान न करणारे. त्यामुळे हा सिगारेटचा परिणाम असेल, हा नेहमीचा आक्षेप तिथे टिकण्यासारखा नव्हता.

९ डिसेंबर १९९३ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सहा शहरांचा निष्कर्ष छापून आला. पहिले नाव डग्लस डॉकरी यांचे होते, सहलेखकांत पोपही होते. ८,१११ प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे माग ठेवलेला होता. धूम्रपान, वजन, शिक्षण, व्यवसाय या सगळ्यांचा परिणाम वजा केल्यावरही स्टूबनव्हिलमधला मृत्युदर पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. बारीक कणांचे प्रमाण पोर्टेजमध्ये घनमीटरला ११ मायक्रोग्रॅम होते आणि स्टूबनव्हिलमध्ये २९.६. मोजण्याची पद्धत वेगळी असली तरी लंडनच्या १,६०० पुढे हे आकडे नगण्यच. स्टूबनव्हिलचे आकाश काळवंडलेले नव्हते, बस थांबल्या नव्हत्या, शवपेट्या संपल्या नव्हत्या. रोजच्या, साध्या, कुणी तक्रारही न करणाऱ्या हवेतच धोका होता.

एवढ्या मोठ्या फरकाची पडताळणी दुसऱ्या माणसांवर व्हायला हवी होती. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ मध्ये कर्करोगाच्या अभ्यासासाठी देशभर लाखो लोकांची नोंदणी केली होती. पोप आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या साडेपाच लाख प्रौढांची माहिती १५१ महानगरांच्या हवेशी जोडली. १९९५ मध्ये उत्तर आले. फरकाचे प्रमाण थोडे कमी, दिशा मात्र तीच.

आकड्यांवरची लढाई

या दोन अभ्यासांच्या आधारे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, कॅरोल ब्राउनर तिच्या प्रमुख असताना, जुलै १९९७ मध्ये पीएम २.५ साठी पहिल्यांदा स्वतंत्र मानक आणले. वर्षाची सरासरी १५ मायक्रोग्रॅम, दिवसाची ६५. वीज, पोलाद, तेल, मालवाहतूक या उद्योगांना याची किंमत मोजावी लागणार होती. त्यांनी मूळ माहितीच आमच्या हाती द्या, अशी मागणी केली. संशोधकांनी हजारो लोकांना त्यांची वैद्यकीय माहिती गुप्त ठेवण्याचे वचन दिले होते, म्हणून हार्वर्डने नकार दिला. हा सारा खटाटोप ‘गुप्त विज्ञाना’वर उभा आहे, असा प्रचार मग सुरू झाला.

या पेचातून वाट निघाली ती ‘हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट’ या संस्थेमुळे. तिला निम्मा पैसा पर्यावरण संस्था देते आणि निम्मा मोटार उद्योग, त्यामुळे तिच्यावर एका बाजूचा शिक्का मारणे कठीण होते. कॅनडातील डॅनिएल क्रूस्की यांच्या नेतृत्वाखाली एका स्वतंत्र चमूने गोपनीयता सांभाळून दोन्ही अभ्यासांची मूळ माहिती उकलली, निरनिराळ्या पद्धतींनी गणिते पुन्हा मांडली आणि सन २००० मध्ये अहवाल दिला. मूळ निष्कर्ष टिकले. न्यायालयातही उद्योगांची बाजू पडली. आरोग्याचे मानक ठरवताना उद्योगांचा खर्च विचारात घेण्याची कायद्यात तरतूद नाही, असा निकाल फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला.

त्यानंतरचे संशोधन झपाट्याने पुढे गेले. पोप यांच्या २००२ च्या अभ्यासात दर १० मायक्रोग्रॅम वाढीमागे एकूण मृत्यू सुमारे ४ टक्क्यांनी, हृदय-फुप्फुसाच्या विकारांचे ६ टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे ८ टक्क्यांनी वाढलेले दिसले. फुप्फुसापेक्षाही हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू संख्येने जास्त आहेत, हेही स्पष्ट झाले. कणांमुळे होणारा दाह रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. उलट बाजूचा पुरावाही मिळाला. अमेरिकेतील ५१ महानगरांच्या २००९ मधील अभ्यासात बारीक कण दर १० मायक्रोग्रॅमने घटले तिथे सरासरी आयुर्मान सुमारे सात महिन्यांनी वाढलेले आढळले. ऑक्टोबर २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हवेतील कणांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. ज्याच्या खाली धोकाच नाही अशी पातळी शोधायला गेलेल्यांना ती सापडली नाही, म्हणून २०२१ मध्ये त्या संघटनेने वर्षाच्या सरासरीची शिफारस १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

आपल्याकडे

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. गिरण्यांच्या धुराड्यांमुळे मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ सालीच झाला होता. तो काळ्या धुरापुरता होता. हवेचा माणसांवर होणारा परिणाम मोजण्याचे काम केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सहा शहरांचा अभ्यास चालू होता त्याच सुमारास हाती घेतले. शहरातील कमी-अधिक प्रदूषणाच्या वस्त्यांची त्यांनी एका ग्रामीण वस्तीशी तुलना केली आणि प्रदूषित वस्त्यांत खोकला, धाप यांसारख्या श्वसनाच्या तक्रारी जास्त असल्याचे दाखवले. त्या कामाला हार्वर्डइतकी वर्षे आणि पैसा मिळाला असता तर आज भारताकडे स्वतःचा दीर्घ अभ्यास असता.

पीएम २.५ चे राष्ट्रीय मानक भारतात नोव्हेंबर २००९ मध्ये आले. वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम, दिवसाची ६०. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही प्रणाली दिल्ली, पुणे, मुंबईत उभारली आणि हवेचा अंदाज वर्तमानपत्रात येऊ लागला. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर, सोलापूर, कोल्हापूर अशी महाराष्ट्रातील अनेक शहरे आहेत.

तरीही संसदेतील उत्तरांत केंद्र सरकार वारंवार एकच भूमिका घेत आले आहे : केवळ वायुप्रदूषणामुळे मृत्यू झाला असा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही. हे वाक्य वरवर शास्त्रीय वाटते. पण एकेका दाखल्यावर ‘प्रदूषण’ असे कारण लंडनमध्येही लिहिलेले नव्हते, स्टूबनव्हिलमध्येही नव्हते, आणि ते जवळजवळ कधीच लिहिलेले नसते. धूळ हृदयविकाराच्या, पक्षाघाताच्या, दम्याच्या नावाने मारते. ती एका प्रेतात सापडत नाही, हजारोंच्या मोजणीत सापडते. सिगारेटच्या बाबतीत आपण हाच पुरावा कधीच मान्य केला आहे.

आणि आता भारतातली मोजणीही झाली आहे. जुलै २०२४ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये दहा भारतीय शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत मुंबई आणि पुणे आहेत. २००८ ते २०१९ या काळातील सुमारे ३६ लाख मृत्यूंच्या नोंदी त्यात तपासल्या. या शहरांतील रोजच्या मृत्यूंपैकी सुमारे ७.२ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३३,००० मृत्यू, जागतिक आरोग्य संघटनेच्या पातळीपेक्षा जास्त असलेल्या पीएम २.५ शी जोडता येतात, असे त्यात निघाले. आपल्या ६० च्या मानकाच्या आत राहणाऱ्या दिवसांतही धोका दिसला. समुद्राचा वारा लाभलेल्या मुंबईसारख्या, तुलनेने स्वच्छ समजल्या जाणाऱ्या शहरांचीही त्यातून सुटका नाही.

१९५३ मध्ये इन्फ्लूएन्झाची सबब पुढे करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना निदान एवढे तरी म्हणायला जागा होती की असा हिशेब मांडण्याच्या पद्धती अजून तयार व्हायच्या होत्या. आज पद्धती आहेत, पुरावा आहे आणि तो आपल्याच शहरांतला आहे. ‘निर्णायक माहिती नाही’ असे म्हणायला भारतात आता कुणालाही जागा उरलेली नाही.